शालनताईंचं म्हणणं

सोडतीचा मोसम पुन्हा आला आहे. दिवाळीनंतर पुण्याच्या सकाळी गार होतात, हातगाड्यांवरची सीताफळं संपत येऊन आवळे दिसायला लागतात, आणि महापालिकेची निवडणूक जवळ असेल त्या वर्षी याच दिवसांत प्रभागांच्या आरक्षणाच्या चिठ्ठ्या निघतात. यंदाच्या सोडतीला मी गेले होते. कोणी बोलावलं नव्हतं आणि बातमीही द्यायची नव्हती. वार्ताहराच्या नोकरीतून निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण पायांची सवय सुटत नाही. मागच्या रांगेत जाऊन बसले. मंचावर पारदर्शक पिंप, त्यात गुंडाळलेल्या चिठ्ठ्या, बाजूला गणवेशातली शाळकरी मुलगी. ती चिठ्ठी काढते, अधिकारी ती उलगडून सर्वांना दाखवतात, आणि ध्वनिक्षेपकावरून एक शब्द येतो : 'महिला'. त्या शब्दासरशी कोणती रांग गप्प होते, यावरून कोण कुठून तयारीत होतं ते जुन्या वार्ताहराला न विचारता कळतं.

माझ्यापुढे दोघे बसले होते. त्यांचा प्रभाग निघाला.

"निघाली ना बाई."

"निघू दे. वहिनींचा फोटो काढून ठेवलाय. दिवाळीतच."

"पैठणीतला?"

"हात जोडलेला. पैठणी स्टुडिओवाल्याकडेच असते."

मी हसले. मग आणखी एक चिठ्ठी उलगडली गेली. विश्रांतवाडीच्या पलीकडचा, आळंदी रस्त्यालगतचा एक प्रभाग. 'महिला.' आणि मला शालनताई आठवल्या. चेहरा नंतर आठवला. आधी आठवला तो टेलिफोनवरचा आवाज, आणि त्या आवाजामागे सुरू असलेलं बसचं इंजिन.

तो हिवाळा महापालिकेत तेहतीस टक्के महिला येऊ लागल्याच्या सुरुवातीच्या काळातला. शहर तेव्हा सगळ्या बाजूंनी वाढत होतं. आमच्या वर्तमानपत्राची रविवारची पुरवणी प्लॉटच्या जाहिरातींनी मूळ अंकापेक्षा जाड व्हायची. परदेशी कंपन्या येणार, संगणकाचं काम येणार, असं पहिल्या पानावर वरचेवर येत होतं. प्रत्यक्षात आमच्याकडे संगणक एका काचेच्या खोलीत होते आणि तिथं चपला बाहेर काढून जावं लागायचं. वातानुकूलन यंत्रांसाठी होतं, माणसांसाठी नव्हतं. थंडीत ऑपरेटर कानटोप्या घालून बसायचे. बातमी आम्ही न्यूजप्रिंटच्या चतकोर कागदांवर हातानं लिहायचो. त्या कागदाला, शाईला आणि दुपारच्या चहाला मिळून जो वास होता, तो मला नंतर कुठल्याही कार्यालयात मिळाला नाही.

त्याआधी माझ्याकडे पुष्पप्रदर्शनं, पाककृती स्पर्धा आणि शाळांची स्नेहसंमेलनं असायची. निवडणूक झाली आणि मुख्य वार्ताहर म्हणाले, "सभागृहात बायका आल्यात. आता बाई पाठवायला हवी." ते हे अशा सुरात म्हणाले की जणू घरी पाहुण्या बायका आल्या आहेत आणि त्यांच्याशी बोलायला कोणीतरी लागणार. मी कारण विचारलं नाही. महापालिका हे मोठं काम होतं, ते मिळालं होतं, एवढं पुरे होतं. आरक्षणाचा पहिला लाभ त्या वर्षी ज्यांना झाला, त्यांत मीही होते, हे माझ्या बऱ्याच वर्षांनी लक्षात आलं.

मोपेडवरून मी आळंदी रस्त्याला जायची. शालनताईंचं गाव नुकतंच हद्दीत आलं होतं. ग्रामपंचायतीच्या पाटीवर महापालिकेचा फलक लागला होता, पण जुनी अक्षरं खालून डोकावत होती. एकाच शेताच्या अर्ध्या भागात ज्वारी उभी, तर अर्ध्यात चुन्याच्या फक्कीनं आखलेले प्लॉट. सकाळच्या धुक्यात त्या पांढऱ्या रेघा आधी दिसायच्या, शेत मागून दिसायचं. गावाच्या तोंडाशी बसथांबा होता. तिथं मेथी, कोथिंबीर, कांद्याची पात यांच्या पाट्या घेऊन बायका बसलेल्या असत. त्यांना इथून स्वारगेट आणि तिथून मार्केट यार्ड गाठायचं असे. ओल्या मेथीचा वास डिझेलच्या धुरात मिसळून तिथं एक तिसराच वास तयार व्हायचा. आजही मेथी निवडताना मला कधीकधी तो येतो.

आता त्या काळातल्या एका पद्धतीबद्दल लिहायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यातून आलं.

आमच्या कार्यालयात नगरसेवकांच्या टेलिफोन क्रमांकांची एक वही होती. पुरुष सदस्यांच्या नावापुढे क्रमांक. महिला सदस्यांच्या नावापुढेही क्रमांक, पण त्यानंतर कंसात एक नाव असे. नवऱ्याचं, सासऱ्याचं, क्वचित दिराचं. कंसातल्या माणसाशी बोलायचं आणि कंसाबाहेरच्या बाईच्या नावानं छापायचं, अशी रीत होती. सगळीच वर्तमानपत्रं असं करत होती असं मी म्हणू शकत नाही; आम्ही करत होतो. यात फसवणूक आहे असं कोणालाच वाटत नव्हतं. उलट घरच्या बाईला दुपारच्या कामात टेलिफोनसाठी उठवायला नको, एवढी सभ्यता त्यात आहे, अशी समजूत होती. मी स्वतः बाई होते, आणि तीच वही उघडून कंसातली नावं वाचायची.

समानतेची कामं त्या वर्षी बरीच सुरू झाली होती. महिला सदस्यांसाठी प्रशिक्षण झालं. प्रशिक्षिका सांगत होत्या, "मोकळेपणानं बोला, आपलं मत आपण मांडा." शेवटच्या दोन रांगांत त्यांची यजमान मंडळी बसली होती. प्रश्न विचारायला सांगितलं तेव्हा एकच हात वर झाला, तोही मागच्या रांगेतून : "जेवण इथंच आहे की खाली?" एक परिपत्रकही आलं होतं. प्रत्येक कामाच्या प्रस्तावात 'महिलांना होणारा लाभ' असा एक रकाना भरायचा होता. कारकुनांनी तो निष्ठेनं भरला. रस्ता असो, दिवे असोत, गटार असो, त्या रकान्यात एकच शब्द येई : 'निरंक'.

शालनताईंना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते क्षेत्रीय कार्यालयात, चहाच्या वेळी. प्रभाग समितीची बैठक सुरू होण्याआधी कपबशा फिरायच्या. शालनताई कोपऱ्यातल्या खुर्चीत, दोन्ही खांद्यांवरून पदर, मांडीवर कागदांची पिशवी. शिपाई कप घेऊन आला. त्या म्हणाल्या, "नको." तो माझ्याकडे आला. मीही म्हणाले, "नको." त्या कार्यालयात बायकांची सोय नव्हती. आमच्या कार्यालयात होती, पण तीन मजले खाली, छापखान्याच्या मागे. सकाळी घराबाहेर पडणाऱ्या बाईनं चहाला नको का म्हणायचं, हे आम्हां दोघींना कोणी शिकवलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. त्या किंचित हसल्या. ओळख म्हणतात ती एवढीच झाली.

त्यानंतर आठवडाभरातली गोष्ट. गावाच्या बसथांब्याजवळ महिलांसाठी शौचालय बांधण्याचा विषय प्रभाग समितीपुढे येणार होता. दुपारचे चार वाजले होते, पाचपर्यंत बातमी द्यायची होती. मी वही उघडली आणि क्रमांक फिरवला.

"ताई आहेत का?"

"ताई कामात हायेत. मीच बोलतोय, बोला." हे अण्णा, शालनताईंचे यजमान. गावचे माजी सरपंच. बोलायला अतिशय नम्र.

"थांब्याजवळच्या शौचालयावर ताईंची प्रतिक्रिया हवी होती."

"घ्या लिहून. सदर जागा रहदारीची असून स्थानिक महिलांची तिथे मागणी नाही. शौचालय गावाच्या मागील बाजूस घ्यावे." बातमीची भाषा त्यांना आमच्याइतकीच येत होती. "म्होरं 'असे त्यांनी सांगितले' तुमी घालताच."

"घालते."

"आन् नाव पूर्ण टाका. मागल्या टायमाला नुसतं शालनताई आलं हुतं."

मी नाव पूर्ण टाकलं. थांब्यासमोरचा, रस्त्याला तोंड असलेला प्लॉट अण्णांचा होता आणि तिथं ते दुकानांचे गाळे काढणार होते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. विचारलं असतं तर कळलं असतं. बातमी दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर आली : स्थानिक महिलांची मागणी नाही, असे नगरसेविका शालन अमुक-तमुक यांनी सांगितले.

त्याच्या पुढच्या दिवशी बैठक होती. विषय पुकारला गेला. अध्यक्ष म्हणाले, "हे मागच्या बाजूला न्यायचं, बरोबर ना? पुढचा विषय."

शालनताई उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात वहीचं एक पान होतं, चार घड्या घातलेलं. त्या बैठकीत त्या प्रथमच बोलत होत्या.

"शौचालय थांब्यापाशीच व्हायला पाहिजे."

अध्यक्षांनी चष्मा काढला. मग बॅगेतून आमचं वर्तमानपत्र काढलं, घडी घातलेलं, ते पान वर. "ताई, काल तर आपण म्हणालात, महिलांची मागणीच नाही. हे बघा, छापून आलंय. आपलंच पूर्ण नाव आहे."

खोलीत हसू पसरलं. शालनताई अध्यक्षांच्या हातातल्या कागदाकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी वार्ताहरांच्या बाकाकडे पाहिलं. त्या बाकावर त्या दिवशी मी एकटीच होते. दोन सेकंद असतील. ते वाक्य कोणाचं, ते कुठल्या टेलिफोनवर दिलं गेलं आणि कोणी उतरवून घेतलं, हे त्यांना त्या दोन सेकंदांत कळलं, हे मला कळलं. त्या एवढंच म्हणू शकत होत्या की हे मी बोललेच नाही. ते खरं होतं. पण मग पुढचा प्रश्न ठरलेला होता : मग कोण बोललं? आणि त्याचं उत्तर सगळ्यांनाच ठाऊक असलं तरी त्यांच्या तोंडून ते एकदा आलं असतं, तर त्या खुर्चीत त्यांना पुन्हा कोणी मोजलं नसतं.

"छापलंय ते छापलंय," त्या म्हणाल्या. "आता मी म्हनते ते लिहून घ्या."

"म्हणजे मत बदललं?"

"बदललं."

"एका दिवसात?"

"एका दिवसात. तुमी पक्ष बदलता तवा कोन दिवस मोजतं का?"

या वेळचं हसू वेगळं होतं. अध्यक्षही हसले; त्यांना हसावंच लागलं. शालनताई हसल्या नाहीत. त्यांनी घडीचा कागद उघडला, पण वाचला नाही. "बाया साडेपाचला थांब्यावर येत्यात. घरनं निघताना पानी पीत न्हाईत. दोन बशी करून यार्डात जायचं, माल इकायचा, दोन बशी करून परत यायचं. दुपारी घरी शिरल्यावर पयला घोट. थंडीत असं, उन्हाळ्यात बी असंच. मी नऊ वर्सं त्या थांब्यावरनं मेथी नेलीय. गावामागं बांधलं तर पाटी टाकून, बस सोडून, कोन जानार हाय तिकडं?" मग त्यांनी विषयपत्रिका उचलली. "आन् हे काय लिव्हलंय? महिलांना होनारा लाभ, निरंक? बायांच्या संडासाचा बायांना लाभ निरंक?"

कारकून गोरामोरा झाला. "ताई, ते सगळ्याच विषयांना तसंच असतं."

विषय थांब्याजवळच मंजूर झाला. एका शौचालयासाठी भांडत बसण्याइतकं कोणाचंच काही तिथं अडकलं नव्हतं. ज्यांचं अडकलं होतं ते अण्णा बाहेर, जिन्यापाशी उभे होते.

बैठकीनंतर मी शालनताईंना व्हरांड्यात गाठलं.

"ताई, ते वाक्य..."

"ठावं हाय मला कुनाचं हुतं. फोन वसरीवर हाय. मी परसात असते."

"मी खुलासा छापायला लावते."

"काय लिवनार खुलाशात? नवऱ्यानं सांगितलं म्हनून? मग मी घरी कशी जाऊ? आन् उद्या हितं कशी बसू?" त्यांचा आवाज चढला नव्हता. त्या जिन्याकडे बघत बोलत होत्या. "तुमी एक करा मॅडम. आज मी बोलले ते सगळं घाला. पानी पीत न्हाईत, ते घालाच."

मी चार परिच्छेद लिहिले. पाण्याचं घातलं, नऊ वर्षांचं घातलं, निरंक घातलं. बातमी मुख्य उपसंपादकांच्या टेबलावर गेली. त्यांनी ती उभ्या उभ्या वाचली.

"अहो, संडासाला चार परिच्छेद? अग्रलेखच लिहा ना." मग त्यांनी मागचा अंक ओढला. "पण यात गंमत आहे. काल विरोध, आज मागणी. कालचं वाक्य तुम्हीच घेतलं होतंत ना? त्यांच्याकडूनच?"

या प्रश्नाला दोन उत्तरं होती. एक खरं होतं. ते दिलं असतं तर त्याचा अर्थ असा होता की महापालिकेचं वृत्तसंकलन करणारी कार्यालयातली एकमेव बाई, जिला बायकांशी बोलायला नेमलं होतं, ती बायकांशी बोलतच नाही. वहीतल्या कंसातल्या माणसांना सगळेच टेलिफोन करत होते, पण पकडली मी गेले असते. पुष्पप्रदर्शनाचा मोसम जवळच आला होता.

मी म्हणाले, "हो."

सकाळी मथळा होता : 'शौचालयप्रश्नी नगरसेविकेचे घूमजाव'. खाली दोन परिच्छेद. पाणी नव्हतं, मेथी नव्हती.

मला वाटलं होतं, शालनताई पुन्हा बोलणार नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी कार्यालयातला टेलिफोन वाजला. मागे बसचं इंजिन घरघरत होतं.

"मॅडम, मी सोता बोलतेय."

थांब्याशेजारी पिवळ्या पाटीचं पीसीओ उघडलं होतं. तिथून त्या बोलत होत्या. मथळ्याबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. "वैनी, झालं का, असं हितला पोऱ्या इचारतोय, फोन दुसऱ्याला पायजे, म्हनून पटकन सांगते," म्हणत त्यांनी पाण्याच्या टाकीच्या कामाबद्दल सांगितलं आणि टेलिफोन ठेवला. मग तशी सवयच लागली. तो हिवाळाभर, ज्या दिवशी त्यांच्या भागातला विषय असे, त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास टेलिफोन यायचा. नाव सांगायच्या आधी त्या 'मी सोता' म्हणायच्या. मी वहीतला कंस खोडला आणि लिहिलं, 'त्या स्वतः करतील'. बाकीचे कंस मी हळूहळू खोडले. कोणी पिठाच्या गिरणीत सापडे, कोणी शाळेच्या टेलिफोनवर, कोणी माहेरी. त्या बायकांना गाठायला वेळ लागे, बातमी कधी दुसऱ्या दिवसावर जाई. आता सांगताना ते मोठं वाटतं. तेव्हा ते फक्त माझं प्रायश्चित्त होतं, आणि तेही गुपचूप केलेलं.

त्या हिवाळ्याची आठवण मला आनंदाची वाटते, याचं मला स्वतःलाच आश्चर्य वाटतं. गाड्यांवर हरभऱ्याच्या गड्ड्या आल्या होत्या. बैठकीहून परतताना मी एक घ्यायची आणि मोपेडला अडकवायची, घरी पोचेपर्यंत अर्धे घाटे गळालेले असत. सभागृहात एकेक आवाज नव्यानं ऐकू यायचा. कोणी कागद बघून, कोणी चुकत, कोणी एकदम रागानं. कामकाज लांबलं की जुने सदस्य घड्याळ बघायचे. काहीतरी सुरू होत होतं आणि ते सुरू होताना आपण हजर आहोत, असं वाटण्याचं ते वय होतं.

शौचालयाचं काम पुढच्या हिवाळ्यात पूर्ण झालं. उद्घाटनाची फीत अण्णांनी कापली. शालनताईंनी संक्रांतीचं हळदीकुंकू घरी न करता थांब्यावर केलं. भाजीच्या पाट्या बाजूला सारून बायका रांगेनं उभ्या राहिल्या. वाण म्हणून प्रत्येकीला स्टीलचा पेला होता. त्या हातात पेला देत आणि म्हणत, "घ्या. आता प्या पानी." एक म्हातारी म्हणाली, "आगं, सवय ऱ्हायली न्हाई आता." "लागंल परत," शालनताई म्हणाल्या. तो पेला मलाही मिळाला. अजून आहे.

पुढच्या निवडणुकीत त्यांचा प्रभाग सर्वसाधारण निघाला. सर्वसाधारण म्हणजे कोणीही उभं राहू शकतं, बाईसुद्धा. पण त्या शब्दाचा अर्थ सगळ्यांनी पुरुष असाच घेतला. शालनताईंनी तरीही पक्षाकडे उमेदवारी मागितली. मुलाखत झाली त्या दुपारी टेलिफोन आला. मागे इंजिनाचा आवाज होता.

"मॅडम, मी सोता. तुमचं कात्रन हुतं त्यांच्या फायलीत. घूमजावचं. म्हनले, ताई, तुमचं मत ऱ्हात न्हाई एका जागी."

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हननार? बदललं, असं मीच बोलले हुते की."

उमेदवारी अण्णांना मिळाली. ते निवडून आले आणि त्यांनी कामंही केली, हे नोंदवायला हवं. पीसीओवरून येणारा टेलिफोन बंद झाला. मग पीसीओच बंद झालं.

सोडतीच्या दुसऱ्या दिवशी मी आळंदी रस्त्याला गेले. रस्ता चौपट रुंद झाला आहे. ज्वारी आणि चुन्याच्या रेघा दोन्ही गेल्या आणि तिथं काचेच्या इमारती आहेत. थांबा मात्र जागच्या जागी आहे आणि शौचालयही; फरशी नवी, रंग नवा. भाजीच्या पाट्या दिसल्या नाहीत. काचेच्या इमारतींत साफसफाईला जाणाऱ्या, निळे कोट घातलेल्या बायका रांगेत होत्या. यवतमाळ-वाशिमकडची बोली ऐकू येत होती. एकीच्या हातात पाण्याची मोठी बाटली होती आणि ती उभ्या उभ्या पीत होती.

शालनताई घरी भेटल्या. केस पूर्ण पांढरे, पदर एकाच खांद्यावर. अण्णांना जाऊन दोन वर्षं झाली. "सून उभी ऱ्हातीय," त्यांनी सांगितलं. "कंपनीत हाय, कॉम्प्युटरवर. लोक येत्यात आन् माझ्या पोराला इचारत्यात, वैनींचा फोटो काढलाय का? ती आतनं वरडते, फोटो माझा, फोन माझा, बोलनार मी."

"आणि मुलगा?"

"त्यो चहा करतो."

चहा आला. शालनताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि कप उचलला, मीही उचलला. मी म्हणाले, "ताई, त्या मथळ्याच्या दिवशी मला विचारलं होतं की आधीचं वाक्य तुमचंच का. मी हो म्हणाले होते."

"वाटलंच हुतं मला."

"आता लिहू का खरं? तेव्हा तुम्ही नको म्हणाला होतात."

त्यांनी चहा संपवला, कप बशीत उपडा ठेवला. "लिवा. आता लाज वाटायला कुनी न्हाई ऱ्हायलं. पन त्यांना वाईट नका ठरवू. फोन त्यांनी उचलला, खरं हाय. लावला तुमी हुता."

वर्तमानपत्रात खुलासा आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत छापतात. त्यात विशेषणं नसतात. माझ्याकडून एक राहिला होता, तो असा :

बसथांब्याजवळील शौचालयास स्थानिक महिलांची मागणी नाही, असे नगरसेविका शालनताई यांनी सांगितल्याचे आम्ही छापले होते. त्या तसे म्हणाल्या नव्हत्या. त्यांना कोणी विचारलेच नव्हते. शौचालय थांब्यापाशीच हवे, हे त्यांचे पहिल्या दिवसापासूनचे म्हणणे होते आणि ते त्यांनी कधीही बदलले नाही.